ऐकीव माहितीचा साक्षीदार : रॉन रायडनआवर आणि माय लायचं पत्र

व्हिएतनाम युद्धातलं माय लायचं हत्याकांड ज्याच्यामुळे उघडकीला आलं, तो रॉन रायडनआवर त्या दिवशी माय लायमध्ये नव्हता. त्याने तिथे कुणाला गोळी घालताना पाहिलं नव्हतं, फोटो काढले नव्हते, त्याच्या हाताशी एकही सरकारी कागद नव्हता. होतं ते सगळं मित्रांकडून ऐकलेलं. तरीही प्रत्यक्षदर्शींच्या तक्रारी जिथे जिरल्या, तिथे २२ वर्षांच्या या माजी सैनिकाचं टपालाने पाठवलेलं एक पत्र टिकलं आणि अमेरिकी सैन्याला स्वतःची चौकशी करावी लागली. पुढे तो शोधपत्रकार झाला, पुरस्कार मिळाले. पण मला विचाराल तर त्याच्या पत्रकारितेतलं सगळ्यात मोठं काम तो पत्रकार होण्याआधी झालं, आणि त्यातलं बहुतेक अंगावर गणवेश असताना. ते काम कसं उभं राहिलं आणि कुठे अपुरं पडलं, हे इथे सविस्तर मांडतो.

काय घडलं होतं

१६ मार्च १९६८ रोजी सकाळी अमेरिकी सैन्याच्या ११व्या ब्रिगेडची चार्ली कंपनी दक्षिण व्हिएतनाममधल्या क्वांग न्गाई प्रांतातल्या सोन माय गावात हेलिकॉप्टरने उतरली. या गावाच्या वाड्यांपैकी एकीला सैन्याच्या नकाशावर ‘माय लाय ४’ असं नाव होतं. कंपनीचा कॅप्टन होता अर्नेस्ट मेडिना, कंपनीतल्या एका प्लाटूनचा, म्हणजे छोट्या तुकडीचा, प्रमुख लेफ्टनंट विल्यम कॅली. व्हिएतकाँगची, म्हणजे अमेरिकेशी लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांची, एक अख्खी बटालियन तिथे दबा धरून बसली आहे, असं सैनिकांना सांगितलेलं होतं. तिथे होत्या बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. कंपनीवर गोळीबार झालाच नाही. पुढच्या काही तासांत गावकऱ्यांना घरांत, वाटांवर आणि एका पाटाच्या खळग्यात घोळक्याने उभं करून मारलं गेलं. अमेरिकी सैन्याने नंतर मान्य केलेला आकडा ३४७. सोन मायच्या स्मारकावर ५०४ नावं आहेत.

त्या दिवशीच्या अधिकृत अहवालात १२८ शत्रुसैनिक मारल्याची नोंद झाली आणि जप्त शस्त्रं लिहिली ३. या दोन आकड्यांमधली तफावत ब्रिगेडच्या मुख्यालयात कुणाच्याही डोळ्यांत भरू नये, हे पटण्यासारखं नाही. १२८ जण लढता लढता मेले आणि त्यांच्याकडे मिळून तीनच बंदुका?

ज्यांनी पाहिलं, त्यांचं काय झालं

रायडनआवरच्या पत्राचं मोल कळायचं तर त्याआधी फसलेले प्रयत्न नीट पाहायला हवेत. गुपित कुणाला माहीतच नव्हतं, अशी स्थिती कधीच नव्हती.

हेलिकॉप्टरचा वैमानिक ह्यू थॉम्पसन याने वरून प्रेतं पाहिली. पळणारे गावकरी आणि त्यांच्यामागे येणारे अमेरिकी सैनिक यांच्यामध्ये त्याने हेलिकॉप्टर उतरवलं, आपल्या दोन साथीदारांना बंदुका सज्ज ठेवायला सांगितल्या आणि काही गावकऱ्यांना वाचवलं. तळावर परतताच त्याने वरिष्ठांना रागाने सगळं सांगितलं. मारणं थांबवण्याचा आदेश सुटला, त्यात या तक्रारीचा मोठा वाटा होता. पण पुढे? चौकशी ब्रिगेडचा प्रमुख कर्नल ओरान हेंडरसन याच्याकडे गेली, म्हणजे ज्याच्या हाताखाली हे घडलं त्याच्याकडेच. एप्रिलअखेर त्याने लिहिलं की तोफांच्या माऱ्यात आणि दोन्ही बाजूंच्या गोळीबारात सापडून २० नागरिक चुकून मेले. कागद फायलीत गेला.

सैन्याचा छायाचित्रकार रॉन हेबर्ली त्या सकाळी कंपनीबरोबर होता. सरकारी कॅमेऱ्यातले कृष्णधवल फोटो त्याने जमा केले, स्वतःच्या कॅमेऱ्यातले रंगीत मात्र जवळ ठेवले. सैन्यातून सुटल्यावर ओहायोमध्ये स्थानिक मंडळांसमोर त्याने त्यांच्या स्लाइड्स दाखवल्या. लोकांनी पाहिल्या आणि ते घरी गेले. त्याच्याबरोबर सैन्याच्या माहिती विभागाचा एक वार्ताहरही गावात होता. त्याने सैन्याच्या प्रकाशनासाठी बातमी लिहिली ती यशस्वी मोहिमेची.

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. त्या गावात त्या दिवशी लिहिण्याचं काम नेमून दिलेला माणूस हजर होता. त्याने लिहिलं नाही. लिहिलं ते ज्याचं ते काम नव्हतं आणि जो तिथे नव्हता त्याने.

मित्रांचं जाळं

रायडनआवरचा जन्म १९४६चा, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. वाढला ॲरिझोनात, फिनिक्सला. १९६७ मध्ये सक्तीच्या भरतीत तो सैन्यात गेला. हवाईमध्ये ११व्या ब्रिगेडच्या टेहळणी तुकडीसाठी त्याचं प्रशिक्षण झालं. व्हिएतनामला जाताना ती तुकडी मोडली आणि एकत्र घडलेली ही मुलं वेगवेगळीकडे विखुरली. काही चार्ली कंपनीत गेली. रायडनआवर टेहळणीच्या हेलिकॉप्टरवर दाराशी बंदूक घेऊन बसणारा सैनिक झाला.

ही योगायोगाने झालेली पांगापांग पुढे निर्णायक ठरली. सैन्यात माणूस आपल्या तुकडीबद्दल बाहेरच्याशी बोलत नाही. पण ज्याच्याबरोबर प्रशिक्षणात चिखल तुडवला, त्या जुन्या दोस्ताला बाहेरचा समजत नाही. रायडनआवर चार्ली कंपनीचा नव्हता, म्हणून गुन्ह्यात नव्हता. आणि चार्लीतल्या मुलांचा मित्र होता, म्हणून परकाही नव्हता. बातमीदाराला आयुष्यभर धडपडून जी जागा मिळवावी लागते, ती त्याला आयती मिळाली होती.

घटनेनंतर काही दिवसांनी त्याचं हेलिकॉप्टर त्या भागावरून गेलं तेव्हा खाली ओसाड वाडी दिसली, एका बाईचं प्रेत दिसलं. पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. एप्रिलच्या अखेरीस हवाईपासूनचा एक मित्र भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, आम्ही ‘पिंकव्हिल’मध्ये काय केलं ते ऐकलंस का? नकाशावर दाट वस्ती गुलाबी रंगाने दाखवलेली असायची, त्यावरून सैनिकांनी त्या भागाला हे नाव पाडलं होतं. मित्राने सांगितलेल्यात तीन-चार वर्षांचा एक मुलगा होता. हाताला गोळी लागून वाटेच्या कडेला उभा, आणि रेडिओ सांभाळणाऱ्या सैनिकाने बंदुकीची एक फैर त्याच्यात रिकामी केली.

यापुढे रायडनआवरने जे केलं, त्यातच या प्रकरणाचा गाभा आहे. त्याला धक्का बसला, पण ऐकलेलं लगेच खरं मानलं नाही. आरडाओरडाही केला नाही. तो थांबला आणि त्या सकाळी तिथे असलेली माणसं एकेक करून शोधू लागला. जूनमध्ये चार्लीतले आणखी दोघे मित्र भेटले. ते म्हणाले, दुपारी जेवायला बसलो होतो, जवळच्या ढिगात काहीजण अजून जिवंत होते, त्यांना औषधपाणी मिळणार नव्हतंच, म्हणून आम्हीच त्यांना संपवलं. त्याच सुमारास एक सार्जंट भेटला, त्याने लेफ्टनंटने माणसांचे गट उभे करून मशिनगनने मारल्याचं सांगितलं. तपशील वेगवेगळे होते, कारण प्रत्येकजण गावाच्या वेगळ्या भागात होता. पण एकाचं सांगणं दुसऱ्याला खोटं पाडत नव्हतं, आणि या सगळ्यांनी आपसात ठरवून बोलावं असं काही कारणही नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये त्याने मायकेल बर्नहार्टला गाठलं. बर्नहार्ट इस्पितळात होता. तोही हवाईचा जोडीदार, आणि त्या सकाळी गोळी झाडायला नकार देणाऱ्यांपैकी एक. त्याच संध्याकाळी मेडिनाने त्याला बजावलं होतं की काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, आपल्या प्रतिनिधीला पत्र लिहिण्यासारखा वेडेपणा करू नकोस. रायडनआवरने त्याला एकच विचारलं : चौकशी लागली तर खरं सांगशील? बर्नहार्ट हो म्हणाला.

या क्षणापर्यंत त्याच्याकडे गोष्टी होत्या. आता एक साक्षीदार होता, जो नाव घेऊन उभा राहणार होता. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत नव्या बातमीदाराला हा फरक समजायला बराच काळ जातो. याला तो कुणी शिकवला नव्हता.

तो गप्प राहिला यामागे भीतीही होती, आणि ती रास्त होती. तो त्याच ब्रिगेडमध्ये, त्याच रानात, सशस्त्र माणसांमध्ये राहत होता. तोंड उघडलं असतं तर त्याचं आणि त्याच्या साक्षीदारांचं काय झालं असतं, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. डिसेंबर १९६८ मध्ये सेवा संपवून तो घरी आला.

पत्र

घरी आल्यावर बहुतेकांनी सांगितलं की विसरून जा. शाळेतल्या लेखन शिकवणाऱ्या जुन्या शिक्षकाचा सल्ला वेगळा होता : सरकारी जबाबदारीच्या जागांवर बसलेल्यांना लिही. २९ मार्च १९६९ ही त्या पत्राची तारीख. ते राष्ट्राध्यक्ष, संरक्षण खातं आणि काँग्रेसचे सदस्य धरून सुमारे ३० जणांकडे गेलं.

पत्र आज वाचताना आधी जाणवतो तो त्याचा संयम. सुरुवातीलाच तो सांगतो की हे मी ऐकलेलं आहे. मग क्रमाने : पहिल्यांदा कधी ऐकलं, कुणाकडून, तो माणूस कोणत्या तुकडीत होता, तेव्हा विश्वास का बसला नाही, नंतर कुणी काय सांगितलं. प्रत्येक माहितीला तिचा मालक आहे. कॅलीचं नाव त्याने फक्त ऐकलेलं होतं, म्हणून इंग्रजीत ‘सी’ऐवजी ‘के’पासून सुरू होणाऱ्या चुकीच्या वर्णांनी लिहिलं आणि पुढे कंसात नोंदवलं की ही अक्षरं चुकीची असू शकतील. शेवटी म्हटलं, नक्की काय घडलं ते मला ठामपणे माहीत नाही, पण जे घडलं ते फार काळं होतं याबद्दल मला खात्री आहे. मागणी एकच : उघड आणि सखोल चौकशी करा.

कंसातली ती नोंद मला फार महत्त्वाची वाटते. ज्याला एका आडनावाच्या अक्षरांबद्दलही खोटी खात्री दाखवायची नाही, त्याने बाकीचं वाढवून सांगितलं असेल असं वाचणाऱ्याला वाटत नाही. पत्र मिळालेल्या अधिकाऱ्याला ते झटकून टाकायला निमित्त हवं होतं. आरोप मोघम आहेत म्हणावं, तर महिना, ठिकाण, तुकडी, नावं दिलेली होती. लिहिणारा अतिरंजित बोलतो म्हणावं, तर तोच स्वतःच्या माहितीची हद्द आखून देत होता. त्याच्या काही महिने आधी टॉम ग्लेन या दुसऱ्या सैनिकाचं पत्र असंच वर गेलं होतं. त्यात नागरिकांना सर्रास क्रूरपणे वागवलं जातं अशी सार्वत्रिक तक्रार होती, विशिष्ट घटना नव्हती. सैनिक आणि व्हिएतनामी जनता यांचे संबंध उत्तम आहेत, असं उत्तर देऊन ते मिटवता आलं. रायडनआवरच्या पत्राला तसं उत्तर देता येत नव्हतं. त्यातली माणसं शोधून विचारावंच लागणार होतं.

दुसरं म्हणजे वाट. थॉम्पसनची तक्रार शिस्तीच्या उतरंडीतून गेली आणि त्या उतरंडीच्या प्रत्येक पायरीवर ती दाबण्यात हित असलेला माणूस बसलेला होता. रायडनआवरचं पत्र उतरंडीच्या बाहेरून आलं. ३० प्रतींपैकी बहुतेक ठिकाणी काहीच हललं नाही, हेही सांगायला हवं. ॲरिझोनाचे प्रतिनिधी मो युडॉल यांनी मात्र ते गांभीर्याने घेतलं आणि सभागृहाच्या संरक्षण समितीचे अध्यक्ष मेंडेल रिव्हर्स यांच्याकडूनही ते संरक्षण खात्याकडे गेलं. एका ठिकाणी पाठवलं असतं तर? पत्र अनेकांकडे गेल्याचं सगळ्यांना दिसत होतं, आणि आपण गप्प बसलो तर दुसरा कुणी बोलेल ही शक्यता प्रत्येक कचेरीत राहिली.

एप्रिल १९६९ मध्ये सैन्याच्या महानिरीक्षकांनी चौकशी सुरू केली. कर्नल विल्यम विल्सन देशभर फिरून पत्रातल्या माणसांना भेटले. ऑगस्टमध्ये काम गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेलं. त्यांच्या हाती हेबर्लीचे रंगीत फोटो लागले. सप्टेंबरच्या ५ तारखेला कॅलीवर खुनाचा आरोप ठेवला गेला, आणि दुसऱ्याच दिवशी तो सैन्यातून सुटणार होता.

पत्राची बातमी होते

पत्रातच रायडनआवरने लिहिलं होतं की हे वृत्तपत्रांना, मासिकांना, वाहिन्यांना द्यावं असा विचार आला होता, पण काँग्रेसने दखल घेणं हा योग्य मार्ग वाटतो. अमेरिकी सैनिकाची प्रतिमा जगात आणखी मलिन करायची इच्छा नाही. पुढे ज्याने पत्रकारिता हाच पेशा केला, त्याची ही पहिली भूमिका. मला ती भाबडी वाटत नाही. त्याला आधी पुरावा कायद्याच्या हाती द्यायचा होता.

पण महिने गेले तसा त्याचा विश्वास ढळला. सगळं एका कनिष्ठ लेफ्टनंटच्या माथी मारून वरचे मोकळे सुटतील, अशी त्याला शंका येऊ लागली. एका एजंटामार्फत मोठ्या नियतकालिकांकडे विचारणा केली तर कुणी रस दाखवला नाही. कॅलीवरच्या आरोपाचं सैन्याचं त्रोटक निवेदनही आतल्या पानांत विरून गेलं.

ऑक्टोबरमध्ये सेमूर हर्श या स्वतंत्र बातमीदाराला कुणीतरी कुणकुण दिली. त्यांनी कॅलीला शोधून गाठलं. ‘लाइफ’ आणि ‘लुक’ या मासिकांनी बातमी नाकारली, तेव्हा डिस्पॅच न्यूज सर्व्हिस या छोट्याशा संस्थेमार्फत ती १३ नोव्हेंबर १९६९ रोजी अनेक दैनिकांत आली. ती वाचल्यावर हर्श आणि रायडनआवर यांची कॅलिफोर्नियात भेट झाली. तो तेव्हा क्लेअरमाँटच्या महाविद्यालयात शिकत होता. त्याने आपली नावं, पत्ते, दीड वर्षाचं सगळं संचित त्यांच्या स्वाधीन केलं. पुढच्या आठवड्यातली हर्श यांची दुसरी बातमी चार्ली कंपनीच्या सैनिकांच्या तोंडून आलेली होती. त्याच सुमारास क्लीव्हलंडच्या ‘प्लेन डीलर’ने हेबर्लीचे फोटो छापले.

हर्श यांना १९७० मध्ये पत्रकारितेचं मानाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि ते योग्यच होतं. पण बातमीच्या श्रेयाचा हिशेब मांडताना स्रोताच्या रांगेत बसवलेला हा पोरगा खरं तर पहिला बातमीदार होता, असं मला ठामपणे वाटतं. साक्षीदार शोधणं, एकाचं दुसऱ्याशी ताडून पाहणं, नावानिशी बोलणारा मिळेपर्यंत थांबणं, कळलेलं आणि न कळलेलं वेगळं ठेवणं, हे सगळं झालेलं होतं. उरलं होतं ते छापणं.

पेशा

१९७२ मध्ये पदवी घेऊन रायडनआवर पत्रकारितेत आला आणि पुढे न्यू ऑर्लिन्समध्ये स्थिरावला. ‘सिटी बिझनेस’ या स्थानिक पत्रासाठी त्याने शहरातल्या करांच्या घोटाळ्याचा वर्षभर पाठपुरावा केला आणि त्यासाठी पत्रकारितेचा १९८७चा जॉर्ज पोल्क पुरस्कार त्याला मिळाला. माय लायच्या नावावर आयुष्यभर भाषणं देत फिरता आलं असतं. त्याने शहराच्या कराच्या वह्या उलटल्या. माय लायबद्दलही तो लिहीत-बोलत राहिला, आणि त्याचा रोख बदलला नाही : हे चार-दोन बिघडलेल्या माणसांचं कृत्य नव्हे, ही आखलेली मोहीम होती, तिच्या वर अधिकारी होते. मे १९९८ मध्ये, ५२ व्या वर्षी, हँडबॉल खेळताना हृदयविकाराने तो गेला. थॉम्पसन आणि त्याच्या साथीदारांना सैन्याने शौर्यपदक दिलं ते त्याच्या दोनच महिने आधी, मार्चमध्ये.

जिथे पत्र अपुरं पडलं

पत्राचं यश सांगून थांबलो तर हे प्रकरण अर्धं राहील. सैन्याने चौकशीसाठी नेमलेल्या जनरल विल्यम पीअर्स यांच्या आयोगाने सुमारे ४०० साक्षीदार तपासले आणि घटना दडपण्यात अधिकाऱ्यांची साखळीच होती असा निष्कर्ष मार्च १९७० मध्ये काढला. तरी शिक्षा झाली एकट्या कॅलीला. त्याला दोषी ठरवणारा निकाल २९ मार्च १९७१ला आला, पत्राला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी : २२ जणांच्या खुनाबद्दल दोषी, आणि दोन दिवसांनी जन्मठेप. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्याला तुरुंगातून काढून घरीच नजरकैदेत ठेवायला लावलं, शिक्षा टप्प्याटप्प्याने कमी झाली आणि १९७४ मध्ये तो सुटला. मेडिना निर्दोष, हेंडरसनही निर्दोष. रायडनआवरची भीती तंतोतंत खरी ठरली.

त्यात त्याच्या थांबण्याचाही भाग होता, आणि हे लिहिणं जड जातं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच ठरवलं होतं की सैन्य सोडून नागरिक झालेल्या माणसावर सैनिकी न्यायालयात खटला चालवता येत नाही. चार्ली कंपनीतले अनेकजण चौकशी पोहोचेपर्यंत घरी गेलेले होते, म्हणजे कायद्याच्या कक्षेबाहेर. रायडनआवर बोलला असता तर कदाचित ते सापडले असते. कदाचित तो आणि बर्नहार्ट कुठल्यातरी गस्तीवरून परत आलेच नसते. साक्षीदार जिवंत ठेवायचा की आरोपी हातातून निसटू द्यायचा नाही, ही निवड त्याच्यापुढे खरीखुरी होती. माझ्या मते त्याने साक्षीदार निवडला ते बरोबर केलं. पण त्या निवडीची किंमत सोन मायच्या लोकांनी दिली, त्याने नाही.

आणखी एक गोष्ट आहे. त्याच सकाळी दीडेक मैलावर, समुद्राजवळच्या माय खे या वाडीत, त्याच मोहिमेतल्या ब्राव्हो कंपनीने लोक मारले. सोन मायच्या ५०४ नावांपैकी ९७ नावं तिकडची आहेत. रायडनआवरच्या पत्रात माय खे नाही. त्याला बोललेले सगळे चार्लीचे होते. पीअर्स आयोगाला तपास करता करता हे दुसरं ठिकाण सापडलं, एका लेफ्टनंटवर आरोप ठेवला गेला आणि मागेही घेतला गेला. माय खेसाठी कुणालाही कधी शिक्षा झाली नाही.